दीड वाजेपर्यंत

1 जुलै 2023. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ, पिंपळखुटा शिवारात, रात्री दीडच्या सुमारास नागपूरहून पुण्याला निघालेली ट्रॅव्हल्स उलटली आणि पेटली. गाडीत 33 जण होते. त्यातले 25 गेले. दुसऱ्या दिवशी बहुतेक ठिकाणी ‘काळाचा घाला’ हाच मथळा होता. काळाला उगाच बदनाम केलं. अपघात दीड वाजता झाला हे खरं, पण तो कितीतरी आधीपासून जवळ येत होता, आणि वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर कुणाच्या ना कुणाच्या हातात काहीतरी होतं. बॉडी बांधणाऱ्याच्या, मालकाच्या, आरटीओच्या, ड्रायव्हरच्या आणि थोडंसं प्रवाशाच्याही. तास सरत गेले तसं प्रवाशाच्या हातातलं कमी होत गेलं.

गाडीच्या पाटीवर एमएच 29 होतं, म्हणजे यवतमाळची नोंदणी. तेव्हा हा हिशेब यवतमाळपासूनच मांडलेला बरा.

266 दिवस आधी

8 ऑक्टोबर 2022, शनिवार, पहाटे सव्वापाचच्या आसपास. यवतमाळहून मुंबईला निघालेली एक खासगी स्लीपर नाशिकच्या वेशीवर पोचली होती. औरंगाबाद रस्त्यावर नांदूर नाक्याजवळ मिरची हॉटेलचा चौक आहे. तिथे तिची ट्रेलरशी धडक झाली आणि गाडीने पेट घेतला. 12 जण मेले, तीसहून जास्त जखमी झाले. गाडीत यवतमाळ, वाशीम, बुलढाणा या पट्ट्यातली माणसं होती, आणि ती वेळ बहुतेकांच्या साखरझोपेची होती. गाडीत क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी भरले होते, हे मागाहून उघड झालं.

मुख्यमंत्री एकनाथ शिंदे त्याच दिवशी नाशिकला आले. राज्याने मृतांच्या वारसांना 5 लाख, केंद्राने 2 लाख रुपये जाहीर केले. पुढचे काही दिवस चर्चा झाली ती चौकाची. वळण कसं आहे, सिग्नल का नाही, अतिक्रमण किती. चर्चा रास्त होती, पण अपुरी होती. चौक गाडीच्या बाहेरचा. गाडीच्या आत त्या दहा-पंधरा मिनिटांत काय झालं, माणसं कुठून निघाली, कुठे अडकली, याबद्दल फारसं कुणी विचारलं नाही.

आणि ते विचारण्यासारखं होतं, कारण त्याच वर्षी जानेवारीत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने एक अधिसूचना काढली होती. लांब पल्ल्याच्या बसमध्ये इंजिनाच्या कप्प्यापुरती नव्हे, तर प्रवासी बसतात त्या भागातही आगीची सूचना देणारी आणि आग दाबून धरणारी यंत्रणा असावी, असं तिचं म्हणणं. त्यामागचा विचार अगदी सरळ होता. बसच्या आगीत माणसं मरतात ती मुख्यतः धुराने आणि उष्णतेने. बाहेर पडायला आणखी थोडी मिनिटं मिळाली तर ती वाचतात. पण असे नियम पुढे बांधल्या जाणाऱ्या गाड्यांना लागतात. रस्त्यावर आधीच पळणाऱ्या गाड्या तशाच पळत राहतात. 2020 साली नोंदलेली, पुढे सिंदखेडराजाजवळ जळालेली एमएच 29 ही गाडी त्या ‘आधीच्या’ गाड्यांपैकी होती.

202 दिवस आधी

11 डिसेंबर 2022. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाला. मोटारींना वेगमर्यादा ताशी 120. हा रस्ता दहा जिल्ह्यांतून जातो आणि त्या दहांत यवतमाळ नाही. यवतमाळकराला समृद्धीवर चढायचं तर शेजारच्या जिल्ह्यात जावं लागतं, कारंज्याच्या नाही तर धामणगावच्या बाजूने. सुरुवातीच्या काळात या रस्त्यावर थांबायच्या सोयी अगदी तुरळक होत्या. चहाची टपरी नाही, वळण नाही, गाव नाही, बैल आडवा येत नाही. जुन्या रस्त्यावर ड्रायव्हरला जागं ठेवायचं काम खड्डे करत असत. इथे ते कुणीच करत नव्हतं.

साडेआठ तास उरले

30 जून 2023, शुक्रवार. आदल्या दिवशी आषाढी एकादशी होती आणि बकरी ईदही. सण आटोपून नोकरीला, शिक्षणाला पुण्याकडे परतणाऱ्यांची गर्दी. संध्याकाळी पाचच्या सुमारास गाडी नागपूरहून निघाली.

कागदपत्रं पाहिली असती तर? एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीचं वर्ष, फिटनेसची मुदत, विमा सगळं दिसतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि प्रत्येकाने ते करावं. पण या गाडीचं फिटनेस मुदतीत होतं. कागदावर ती ठणठणीत होती. फिटनेस तपासणी ब्रेक पाहते, दिवे पाहते, टायर पाहते. रात्री दीड वाजता अंधारात, उलट्या गाडीतून तीस माणसं किती वेळात बाहेर पडतील, हे कुणी पाहत नाही.

ते प्रवाशालाच पाहावं लागतं, आणि पाहायची वेळ हीच, पाच वाजताची. आपली सीट शोधून, बॅग वर टाकून, मोबाईल चार्जिंगला लावण्याआधी एकदा मधल्या बोळातून गाडीच्या शेवटपर्यंत चालत जायचं. मागे आपत्कालीन दार किंवा काच आहे का? तिच्यासमोर बर्थ टाकलाय का, खोकी रचली आहेत का? छताला झडप आहे का, आणि असली तर तिला कुलूप किंवा स्क्रू ठोकलाय का? काच फोडायचा हातोडा जागेवर आहे, की रिकामी खुंटी उरली आहे? ट्रॅव्हल्सवाल्यांना तिकिटाइतकंच पार्सलचंही उत्पन्न असतं, त्यामुळे मागच्या वाटेवर गठ्ठे येऊन पडतात. ते दिसले तर क्लिनरला हलवायला सांगायचं. तो तोंड वाकडं करेल. करू द्यावं.

स्लीपरमध्ये खालचा बर्थ मिळाला तर घ्यावा, दाराजवळचा किंवा मागच्या काचेजवळचा मिळाला तर आणखी बरं. तरुण मंडळी हौसेने वरचा घेतात. वरून उतरायचं असतं एका शिडीच्या पायरीवरून, दीड फुटाच्या बोळात, जिथे त्याच क्षणी समोरचा, मागचा आणि खालचाही उतरत असतो. चीनने 2012 साली नव्या स्लीपर बस बांधणं आणि विकणंच थांबवलं. आदल्या वर्षी तिथे एका स्लीपरच्या आगीत 41 जण मेले होते. आपण त्या काळात स्लीपर वाढवत होतो.

संध्याकाळ

वर्धा, यवतमाळ या भागातले प्रवासी घेत गाडी पश्चिमेकडे सरकत होती. आता प्रश्न असा, की पुण्याला जायला एवढी माणसं ट्रॅव्हल्सवरच का?

यवतमाळ शहराला मुंबई-पुण्याकडे नेणारी रेल्वे नाही. होती ती शकुंतला, नॅरो गेजची, यवतमाळ ते मूर्तिजापूर, दारव्हा आणि कारंजा करत जाणारी. ती बंद पडली. ही बस ज्या कारंज्याहून समृद्धीवर चढणार होती, तिथूनच एकेकाळी शकुंतला डुलत जायची. वर्धा-यवतमाळ-नांदेड या 284 किलोमीटरच्या मार्गाचं काम कित्येक वर्षं चाललं आहे. त्यातला वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा सुरू झाला फेब्रुवारी 2024 मध्ये, म्हणजे या अपघातानंतर. रेल्वेगाडी पकडायची तर धामणगाव, वर्धा नाहीतर बडनेरा गाठायचं. एसटी आहे, पण नोव्हेंबर 2021 ते एप्रिल 2022 असा तिचा संप लांबला तेव्हा कितीतरी कायमचे प्रवासी खासगी गाड्यांकडे गेले ते तिकडचेच झाले. स्लीपर आहे, एसी आहे, दारात थांबते, मोबाईलवर बुकिंग होतं. यात प्रवाशाला नावं ठेवायचं कारण नाही. ज्याला दुसरा पर्याय नाही त्याला ‘सुरक्षित प्रवास करा’ असं सांगणं सोपं असतं.

शिवाय खेड्यातल्या माणसाचा धोका ट्रॅव्हल्समध्ये पाय ठेवण्याआधीच सुरू झालेला असतो. घाटंजी, झरी, मारेगावच्या आतल्या गावातून तालुक्याला आणि तालुक्यातून जिल्ह्याला यायचं ते काळी-पिवळीने. नऊच्या जागेत पंधरा, मागच्या पायरीवर दोघं, ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक. तिथे पट्टा, फिटनेस, विमा यांची नावंही कुणी काढत नाही. काळी-पिवळीत निदान एक गोष्ट आपल्या हातात असते. बाहेर लटकावं लागत असेल तर पुढची गाडी बघायची. आणि स्वतःची किंवा भाड्याची मोटार असेल, तर मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावायचा. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरमध्ये चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गेले ते मागच्या सीटवर, पट्टा न लावता. गाडी मर्सिडीज होती.

साडेतीन तास उरले

रात्री दहाच्या आसपास. जेवणाचा थांबा. प्रवाशाच्या हातातली ही शेवटची मोठी संधी, आणि जवळजवळ प्रत्येक जण ती शेवभाजीत घालवतो.

थांब्यावर दोन गोष्टी कळतात. एक, ड्रायव्हर किती आहेत. नागपूर ते पुणे सातशे किलोमीटरहून जास्त. तेव्हा लागू असलेला मोटार परिवहन कामगार कायदा 1961 चा होता. त्यात चालकाला दिवसाला आठ तास आणि आठवड्याला 48 तास अशी मर्यादा होती, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. या हिशेबाने एवढा पल्ला एका माणसाच्या बळावर जाऊच शकत नाही. दुसरा ड्रायव्हर हवा, आणि तो ‘दुसरा’ म्हणजे दिवसभर जागून बारा वाजता झोपाळलेल्या डोळ्यांनी स्टीअरिंग हाती घेणारा क्लिनर नव्हे.

“भाऊ, पुढं गाडी कोण चालवणार हाय? त्याची झोप झाली का?” एवढं विचारायला हिंमत लागत नाही. विचारलं की राग येतो, हे खरं. पण चार जणांनी मिळून विचारलं तर उत्तर द्यावंच लागतं.

दुसरी गोष्ट, ड्रायव्हर जेवणाआधी कुठे जाऊन आला. ढाब्याच्या मागच्या बाजूला काय चालतं हे विदर्भातल्या रस्त्यांवर फिरणाऱ्याला सांगायला नको. या अपघातातल्या चालकाच्या रक्तात अल्कोहोलचा अंश आढळल्याचा न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल पुढे आला. नमुना अपघातानंतर बऱ्याच तासांनी घेतलेला होता. मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. ती दंडासाठीची मर्यादा आहे. तीस माणसं झोपवून रात्रभर गाडी नेणाऱ्याच्या बाबतीत मर्यादा शून्यच असली पाहिजे, यावर दोन मतं असू नयेत. संशय आला तर गाडीत चढायचं नाही आणि 112 ला फोन करायचा, गाडीचा नंबर सांगून. थांब्यावर असताना हे जमतं. गाडी महामार्गावर चढली की जमत नाही.

अडीच तास उरले

अकराच्या सुमारास गाडी कारंज्याजवळ समृद्धीवर चढली. इथून पुढच्या अडीच तासांत तिने सुमारे दीडशे किलोमीटर कापले, म्हणजे सरासरी ताशी साठच्या थोडं वर. अपघातानंतर सगळ्यांच्या तोंडी ‘समृद्धी’ आणि ‘वेग’ हे दोनच शब्द होते. परिवहन विभागाच्या अहवालाने मात्र अतिवेगाची शक्यता नाकारली. मला हा त्या सगळ्या प्रकरणातला सर्वांत अस्वस्थ करणारा तपशील वाटतो. गाडी हळू होती, कागद ठीक होते, रस्ता नवा होता, आणि तरी 25 माणसं गेली.

मध्यरात्र ते एक

दिवे बंद, पडदे ओढलेले. सगळे झोपले.

बसमध्ये जागं राहायला हवं असं कुणी म्हणणार नाही. पण झोपायचं कसं, याला अर्थ आहे. चपला पायाशी, मोबाईल खिशात, चष्मा हाताला लागेल अशा जागी. स्लीपरच्या बर्थला पट्टा असेल तर तो लावावा, बहुधा नसतोच. डोकं गाडीच्या तोंडाकडे करून झोपलात तर जोराच्या ब्रेकमध्ये आधी डोकं आपटतं, म्हणून पाय पुढे, डोकं मागे. लहान मूल आतल्या बाजूला. एवढंच. या वेळी प्रवाशाच्या हातात याहून जास्त काही उरलेलं नसतं.

शेवटचा अर्धा तास

आता सगळं एका माणसाच्या डोळ्यांवर. मध्यरात्र उलटून गेली की शरीर स्वतःच झोपेकडे झुकतं. माणूस दुपारी झोपला असला तरी. सरळ रस्ता, सारखा वेग, दिव्यांच्या झोतात एकामागून एक येणारे पांढरे पट्टे. डोळे उघडे असतात आणि मेंदू बंद पडतो. त्याला हायवे हिप्नॉसिस म्हणतात. नागपूरच्या व्हीएनआयटीने समृद्धीवरच्या अपघातांचा अभ्यास केला तेव्हा या भुलीकडेही बोट दाखवलं. ताशी 70 च्या वेगाने गाडी एका सेकंदात 19 मीटरहून जास्त जाते. तीन सेकंदांची डुलकी लागली तर 58 मीटर, आणि त्या 58 मीटरमध्ये गाडीला चालक नसतो.

दीड

अपघातानंतर चालकाने टायर फुटल्याचं सांगितलं. परिवहन विभागाच्या तपासणीत त्याला आधार सापडला नाही. रस्त्यावर फुटलेल्या रबराचे तुकडे नव्हते, चाक घसटत गेल्याच्या खुणा नव्हत्या. ब्रेक लावल्याची खूणही नव्हती, आणि हे जास्त बोलकं आहे. जागा माणूस ब्रेक लावतो.

गाडी उजवीकडे सरकली. आधी लोखंडी खांबाला लागली, मग दुभाजकाच्या काँक्रीटला. त्या धक्क्याने पुढचा आस चाकांसकट निसटला. डिझेलची टाकी फुटली. गाडी डाव्या कुशीवर पडली आणि तशीच घसटत गेली.

डाव्या कुशीवर. आपल्याकडच्या बसचं दार डाव्या बाजूला असतं. म्हणजे गाडी पडली त्याच क्षणी ते दार जमिनीखाली गेलं. उजव्या बाजूच्या खिडक्या छत झाल्या, माणसाच्या हाताला न लागणाऱ्या उंचीवर. मधला बोळ आडवा झाला, बर्थ भिंतीसारखे उभे राहिले. डिझेल पेट्रोलसारखं चटकन भडकत नाही, पण फुटलेल्या टाकीतून उडालेलं डिझेल आणि काँक्रीटवर घासणाऱ्या लोखंडाच्या ठिणग्या एकत्र आल्या की तेवढं पुरतं. मग पडदे, फोम, रेक्झिन, वायरी. फोम जळतो त्याचा धूर दोन-चार श्वासांत माणसाला खाली बसवतो.

या क्षणी उरलेले मार्ग तीन. पुढची काच, मागची काच, छतावरची झडप. पुढची काच दोन थरांच्या मध्ये पापुद्रा घालून केलेली असते. ती तडकते पण सहज निघत नाही, लाथांनी चौकटीसकट ढकलावी लागते. बाजूच्या आणि मागच्या काचा वेगळ्या, टणक केलेल्या. त्यांच्या मधोमध कितीही बुक्क्या मारा, काही होत नाही. कोपऱ्यात टोकदार लोखंडाचा एक घाव बसला की सगळी काच एकदम बारीक तुकड्यांत कोसळते. हातोडा नसेल तर सीटच्या डोक्याकडचा निघणारा भाग, पट्ट्याचं बक्कल, जे लोखंडी हाती लागेल ते. काच फुटली की सामान सोडून बाहेर. दुसऱ्याला हात द्यायचा तो बाहेर पडल्यावर, फटीत उभं राहून नव्हे.

जे आठ जण वाचले, त्यातले प्रवासी काच फोडूनच बाहेर आले. चालकही वाचला.

रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांना हात केले, पण त्या थांबल्या नाहीत, असं तिथे धावून आलेल्या लोकांनी सांगितलं. थांबणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती आपल्याकडे जुनी आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आलं आहे. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि त्याला नाव सांगायचीही सक्ती नाही. हे कलम टोलनाक्यावर मोठ्या अक्षरांत लावायला हवं होतं, पुढाऱ्यांच्या फोटोंच्या जागी.

नंतरचे तास

पहाट झाली तोवर आग विझली होती. सकाळी बुलढाण्याच्या रुग्णालयात मृतदेह आणले गेले. बहुतेकांची ओळख पटण्यासारखी नव्हती. मुख्यमंत्री शिंदे आणि उपमुख्यमंत्री फडणवीस त्याच दिवशी आले. राज्याचे 5 लाख, केंद्राचे 2 लाख. नाशिकला जाहीर झालेलेच आकडे. 2 जुलैला बुलढाण्यात 24 जणांवर एकत्र अंत्यसंस्कार झाले, एका मृताचं दफन झालं. डीएनए चाचणीच्या अहवालाला लागणारा वेळ पाहता नातेवाइकांनी सामूहिक संस्काराला संमती दिली होती. नागपूर, वर्धा, यवतमाळहून आलेल्या आईबापांना आपलं मूल कोणतं हे न कळताच परत जावं लागलं. चालकाला अटक झाली.

साडेतीन महिन्यांनी, 15 ऑक्टोबर 2023 ला, मध्यरात्रीनंतर, याच महामार्गावर वैजापूरजवळ सैलानी बाबाच्या दर्शनाहून नाशिकला परतणाऱ्या भाविकांची मिनी बस कंटेनरवर आदळली. 12 जण गेले. ट्रक रस्त्यात थांबवल्याच्या आरोपावरून आरटीओच्याच दोघांना अटक झाली. ऑक्टोबर 2025 मध्ये दहा दिवसांच्या अंतराने जैसलमेर आणि कर्नूल इथे दोन स्लीपर जळाल्या. दोन्हीकडे मिळून चाळीसच्या घरात माणसं गेली. जैसलमेरला दार अडकलं होतं.

नाशिकच्या मिरची चौकापासून कर्नूलपर्यंत रस्ते वेगळे, राज्यं वेगळी, कंपन्या वेगळ्या. गाडीचा साचा मात्र तोच, पुढे एक दार, मध्ये एक बोळ आणि दोन मजले माणसं. दोष फक्त ड्रायव्हरच्या डुलकीवर टाकला की हा साचा सुटून जातो, आणि आतापर्यंत प्रत्येक वेळी तो सुटला आहे. ड्रायव्हर तुरुंगात जातो, बॉडी बांधणारा पुढची गाडी बांधतो. जुन्या स्लीपरना मागचा मोकळा मार्ग आणि छतावरच्या उघडणाऱ्या झडपा असल्याशिवाय फिटनेस देऊ नये, आणि ही तपासणी कागदावर न करता तीस माणसं आत बसवून घड्याळ लावून करावी. यवतमाळच्या आरटीओ कार्यालयाने याची सुरुवात करायला हरकत नाही. दोन्ही गाड्यांचा संबंध याच जिल्ह्याशी होता.

आज रात्री ज्यांची गाडी आहे त्यांनी तिकिटावरचा बोर्डिंग पॉइंट पाहताना आणखी एक करावं. वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचावं, गाडीच्या शेवटच्या काचेपर्यंत चालत जावं आणि दुसरा ड्रायव्हर कोण ते विचारून घ्यावं. वाट बंद असेल, किंवा दुसरा ड्रायव्हर नसेल, तर खाली उतरावं आणि सकाळच्या एसटीने जावं. तिकिटाचे पैसे बुडतील. बुडू द्यावेत.